मुकी की बहिरी

"ताई, ही मुकी आहे हे कशावरून कळलं तुम्हाला?"

कुंचल्याच्या टोकाने माश्या निवडता निवडता तरन्नुमने हे विचारलं, तेव्हा तिला आमच्या प्रयोगशाळेत येऊन आठवडाही झाला नव्हता. तिने मान वर केली नव्हती आणि आवाजात खोच नव्हती. मिरजेहून आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मात्र अशी तडकले, जणू तिने माझ्याकडे माझ्याच जन्माचा दाखला मागितला.

"चार वर्षं हेच करतेय मी," मी म्हटलं. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण ती गप्प बसली आणि मला बरं वाटलं.

गोष्ट १९९४ सालची. पुण्यात, पाषाणकडच्या एका संशोधन संस्थेत मी खांबेटे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय फळमाशीचा डोळा. केळं जरा जास्त पिकलं की त्याच्याभोवती घोंघावते ना, तीच ही चिमुकली माशी. तिच्या लालबुंद डोळ्यात आठशेच्या आसपास घरं असतात आणि प्रत्येक घरात उजेड टिपणाऱ्या आठ पेशी. गंमत अशी की कुठली पेशी कोण होणार हे जन्मतः ठरलेलं नसतं. सगळ्या सारख्याच, कोऱ्या. आधी आठवी ठरते. मग तिच्यापासून सुरुवात होऊन शेजारणी शेजारणींना सांगत जातात, तू ही हो, तू ती हो. सातवीची पाळी सगळ्यांत शेवटी. तिला आठवीने अगदी अंगाला अंग लावून निरोप द्यावा लागतो. निरोप पोचला तर ती सातवी होते आणि तिला अतिनील उजेड दिसतो. नाही पोचला तर ती बघणाऱ्यांत येतच नाही, डोळ्याचं भिंग बनवणाऱ्या पेशींत जाऊन बसते.

मला सापडलेल्या माशीत सातवी नव्हती. नळीच्या एका टोकाला अतिनील दिवा, दुसऱ्या टोकाला साधा हिरवा, आणि मध्ये माश्या सोडायच्या, असं मी दोन वर्षं केलं. शहाणी माशी अतिनीलकडे धावते. हजारो धावल्या, आणि एक बया शांतपणे हिरव्याकडे निघाली. तिचा वंश मी वाढवला. आमच्या या माश्यांच्या धंद्यात रीत अशी की ज्याला बिघाड सापडतो त्याने त्याचं नाव ठेवायचं, आणि नाव बिघाडावरून ठेवायचं. मी नाव ठेवलं मुकी. आठवी बोलतच नाही, मग सातवी होणार कुठून? सरांनी ते नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट काढली, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

आणि आता ही आली होती.

तिचे वडील मिरजेला सतारीच्या दुकानात कारागीर. जवारी लावायचे, म्हणजे सतारीची घोडी कानसून कानसून तारेचा आवाज मोकळा करायचा. तो हात मुलीत जसाच्या तसा उतरला होता. अळीच्या डोक्यातून डोळ्याची कोवळी चकती न फाडता बाहेर काढायला मला सहा महिने लागले होते. तरन्नुमने ती चौथ्या दिवशी काढली आणि म्हणाली, ताई, बरोबर आहे काय बघा की जरा. मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. बरोबर होतं. मी म्हटलं, कडेला फाटलीय थोडी. कुठेही फाटली नव्हती. तिने नवी काढली.

तिची एक सवय होती. जे जे तपासून झालं त्याच्यापुढे ती हिरव्या पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायची. वहीत, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर, चहा कोणाला हवा त्या यादीवरसुद्धा. माश्यांसाठी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवणाऱ्या आमच्या शेवंताबाई तिला हसायच्या आणि पहिला चहा तिलाच द्यायच्या. मला चार वर्षांत कधी पहिला मिळाला नव्हता. चहाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. मलाही तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी तसंच म्हटलं असतं.

खरं दुखणं सर होते. मी चार वर्षं गद्रे होते. 'गद्रे, अहवाल.' 'गद्रे, बाटल्या बदलल्या का?' ती दुसऱ्या दिवसापासून तरन्नुम झाली. दुसऱ्याच दिवशी सर तिच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी तिला तो प्रयोग सांगितला. माशीच्या निरोगी डोळ्यात बिघडलेल्या पेशींचं एक ठिगळ करायचं. ठिगळाच्या काठावरच्या घरांत काही पेशी निरोगी असतात, काही बिघडलेल्या. मग एकेका घरात बघायचं, सातवी होण्यासाठी कोण निरोगी असावी लागते? आठवी असावी लागत असेल तर दोष बोलणारीत. सातवी स्वतः निरोगी असावी लागत असेल तर दोष ऐकणारीत. म्हणजे माझी माशी मुकी की बहिरी, याचा कायमचा निकाल.

चार वर्षांत हे मला का नाही सांगितलं, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घण घालत राहिला. तिला ठिगळ, आणि मला बाटल्या. हेवा हा शब्द मी मनातही येऊ दिला नाही. मी म्हणायचे, सरांना माणसांची पारख नाही.

वर आणखी एक. डिसेंबरात बंगळूरला मोठी परिषद होती आणि आमच्याकडून एकीलाच बोलता येणार होतं. मुकी माझी, भाषण माझं, हे मी गृहीत धरलेलं. सर म्हणाले, तरन्नुमच्या ठिगळांचा निकाल येऊ दे, मग बघू. माशी बहिरी निघाली असती तर माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानापासून सगळं उलटं झालं असतं, आणि फळ्यावरची चौकट तरन्नुमची झाली असती.

ठिगळासाठी आईच्या बाजूने पांढऱ्या डोळ्यांच्या बिघडलेल्या माद्या लागतात आणि बापाच्या बाजूने लाल डोळ्यांचे निरोगी नर. माद्या मात्र कुमारिका हव्यात. माशी जन्मल्यावर आठ तासांत वयात येते. त्याच्या आत तिला नरांपासून वेगळी केली नाही, तर ती बाटलीतल्या आपल्याच पांढऱ्या डोळ्यांच्या भावांची पिल्लं पोटात घेऊन बसते. म्हणून सकाळी सातला बाटली पूर्ण रिकामी करायची आणि दुपारी तीनच्या आत नव्या जन्मलेल्या माद्या उचलायच्या. शेवंताबाई नवरात्रात विचारायच्या, आज किती कुमारिका जेवल्या म्हणून.

त्या रविवारी सकाळी सातला तरन्नुमने बाटल्या रिकाम्या केल्या आणि आठला मिरजेहून फोन आला. वडिलांच्या हातावर यंत्र घसरून दोन बोटं फाटली होती. ती माझ्या घरी आली, पायरीवरच उभी राहिली.

"ताई, तीनच्या आत तेवढ्या माद्या उचलाल काय? गुरुवारी क्ष-किरणाची पाळी आहे, ती चुकली की महिना गेला."

क्ष-किरणांनीच ती ठिगळं पडतात, आणि एका इस्पितळाचं यंत्र आम्हाला महिन्यातून एकदाच मिळायचं. मी म्हटलं, जा तू, काळजी करू नकोस.

दुपारी सदाशिव पेठेत माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. सव्वादोनला मी घड्याळ बघितलं. आता निघालं तर पोचता येईल, हे मला स्वच्छ कळत होतं. मावशी नारळीभात घेऊन आली आणि मी ताट पुढे केलं. मग उखाणे झाले. कोणीतरी म्हणालं, शरयू, तूही घे की, तुझं कधी व्हायचं, आणि मी हसून अजून अर्धा तास बसले. निघताना मी कुणाशी भांडले नव्हते, काही ठरवलंही नव्हतं. पाय जड झाले होते, इतकंच. संस्थेच्या फाटकावर सही केली तेव्हा पाचला दहा कमी होते.

बाटल्यांत माद्या होत्या आणि त्यांच्याबरोबर नरही बागडत होते. मी चाळीस माद्या उचलल्या. एक-दोघी फळल्या असतील, त्याने काय आभाळ कोसळतंय, असं मनात म्हटलं. मग चिठ्ठीवर वेळ लिहायची होती. मी लिहिलं, तीन.

तिने सोमवारी नर सोडले, गुरुवारी अळ्यांना क्ष-किरण देऊन आणले, आणि दहा-बारा दिवसांनी पिल्लं बाहेर आली. अशा जोडीच्या सगळ्या मुली लाल डोळ्यांच्याच व्हायला हव्यात. मुलगे या प्रयोगात कामाचे नसतात. तीनशे मुलींपैकी एकशे नव्वद पांढऱ्याफटक डोळ्यांच्या निघाल्या. म्हणजे त्यांचे बाप त्यांचे मामाच. कचऱ्यात टाकायच्या. उरल्यांत ठिगळवाल्या अवघ्या चार.

सरांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. शाळेतली पोरंही कुमारिका ओळखतात, ते म्हणाले. आणि वर, दोन-चार कुमारिका नर न सोडता तीन दिवस वेगळ्या नळीत ठेवून बघायच्या असतात, अळ्या दिसल्या तर माद्या आधीच फळलेल्या, हे तुला मी सांगितलं नव्हतं का? तरन्नुम उभी होती. मी शेजारच्या टेबलावर होते, हातात कुंचला होता, आणि ती आता माझं नाव घेईल याची मी वाट बघत होते. ती म्हणाली, चुकलं सर, मी घाई केली. झालं, एवढंच. सर म्हणाले, गद्रे, बंगळूरला मुकीच जाऊ दे.

मी जिंकले होते. संध्याकाळी मी रस्त्याने चालत घरी गेले आणि वाटेत पेढ्यांच्या दुकानासमोरून तशीच पुढे गेले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. चार डोळ्यांपैकी एकाचे तिने काप केले होते. "काठावरचं, उजवीकडचं घर बघा, ताई."

निरोगी पेशीजवळ लाल कण असतो, बिघडलेलीजवळ नसतो. त्या घरात आठवीजवळ कण नव्हता. आठवी बिघडलेली. आणि तिच्याशेजारी, ठसठशीत, लाल कणासकट, सातवी उभी होती. बिघडलेल्या आठवीने निरोप दिला होता आणि निरोगी सातवीने तो ऐकला होता. म्हणजे आठवीचा दोष नव्हता. माझी माशी मुकी नव्हतीच.

मी आठवीपासून पुन्हा एकदा मोजून बघितलं. मग म्हटलं, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. ती हो म्हणाली. मी विचारलं, सरांना दाखवलंस?

"नाही. नाव तुम्ही ठेवलंय. बदलायचं झालं तर तुम्हीच बदलायला पाहिजे, म्हणून आधी तुम्हाला दाखवलं." मग काप उचलताना ती म्हणाली, "अब्बा म्हणतात, सूर लागत नसला की माणूस आधी तारेवर चिडतो. तार बिचारी बोलत असते."

ती हे सतारीबद्दल म्हणाली, असं मी स्वतःला दिवसभर बजावलं. ती सोमवारच्या बैठकीत काप काढेल की नाही हे मला कळत नव्हतं. काढला आणि विषय कुमारिकांपर्यंत गेला तर? चिठ्ठीवर तीन होतं, पण फाटकावरच्या वहीत माझी सही होती, वेळेसकट. तेव्हा शनिवारी दुपारी मी काय केलं ते सांगते. रखवालदार जेवायला बसला होता. मी त्याला म्हटलं, मामा, तुम्ही जेवा, मी सही करते. आणि मी मागची पानं उलटायला लागले. त्या रविवारचं पान मला फाडायचं होतं.

पान सापडलं. शरयू गद्रे, येण्याची वेळ चार पन्नास. आणि त्या आकड्यापुढे हिरव्या पेन्सिलीने केलेली बारीकशी बरोबरची खूण.

 ही इथे कधी आली, कधी बघून गेली? पांढऱ्या माश्या निघाल्या त्या दिवशीच असणार. म्हणजे सरांपुढे उभी होती तेव्हाही तिला माहीत होतं किंवा तासाभराने कळलं, आणि शुक्रवारी मला काप दाखवला तेव्हा तर नक्कीच माहीत होतं. तरीही ती आधी माझ्याकडे आली. तिने तशा नळ्या ठेवून का तपासल्या नाहीत तेही तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. माद्या मी उचलल्या होत्या म्हणून. ताईंनी उचलल्यात, मग काय तपासायचं? पान मी तसंच ठेवलं. मामांनी विचारलं, काय हरवलं का बाई? मी नाही म्हटलं.

सोमवारी सर, ती आणि मी, तिघंच होतो. सरांनी बंगळूरच्या भाषणाचा कागद पुढे केला. मी म्हटलं, "सर, त्या माद्या मी उचलल्या. पाच वाजता. चिठ्ठीवर तीन लिहिलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का?"

"तिचं चुकावं म्हणून."

तरन्नुम खिडकीबाहेर बघत होती. इथे गप्प बसले असते तर निदान शोभलं तरी असतं. पण माझा बांध फुटला. मी म्हटलं, मला चार वर्षांत ठिगळाचं एकदाही सांगितलं नाहीत, तिला दुसऱ्या दिवशी सांगितलंत. मला कधी काही सांगितलंच नाहीत. रडत होते, नाक गळत होतं, आणि तरी बोलत होते.

सर शांतपणे म्हणाले, "तुमची ब्याण्णवची वही आणा, गद्रे."

मी आणली. त्यांनी पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. ऑगस्टचं पान, माशी सापडल्यानंतरचा महिना. समासात सरांचं बारीक अक्षर, शिसपेन्सिलीने: 'दोष बोलणारीत की ऐकणारीत? ठिगळ करून बघा.' त्याखाली निळ्या शाईत, माझ्या अक्षरात: 'नंतर.' सप्टेंबरात पुन्हा, 'ठिगळ?' आणि पुन्हा माझं 'नंतर'. नोव्हेंबरात नुसतं एक प्रश्नचिन्ह. त्याखाली मी काहीच लिहिलं नव्हतं. ते नाव सुचल्याच्या आनंदात मी त्या महिन्यांत समास धड वाचतच नव्हते. कोण काय सांगतंय याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं, कोण कोणाशी जास्त बोलतंय एवढंच मी मोजत होते.

"मग," सर म्हणाले, "माशीचं नाव काय?"

मी उठले. फळ्यावरच्या चौकटीतलं नाव पुसलं. डस्टर सापडेना, तळहातानेच पुसलं. आणि लिहिलं, बहिरी.

बंगळूरला त्या वर्षी कोणीच गेलं नाही. एका घरावर भाषण होत नाही, सर म्हणाले, पन्नास घरं आणा. माझ्याशी ते महिनाभर एक शब्द बोलले नाहीत. मला काढून टाकतील असं वाटत होतं, पण त्यांनी काढलं नाही. मी तरन्नुमला विचारलं, माद्या मी उचलू का? तिने नळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. पुढचे तीन महिने, सणवार न बघता, मी दुपारी दोनला माशीघरात हजर असायचे. या वेळी तिने नळ्या तीन-तीन दिवस ठेवून तपासल्या. एकीतही अळी निघाली नाही. पन्नासच्या जागी बासष्ट घरं मिळाली, आणि जिथे सातवी होती तिथे ती प्रत्येक वेळी स्वतः निरोगी होती.

पुढच्या वर्षी ती बंगळूरला बोलली. मी शेवटच्या रांगेत होते. टाळ्या पडल्या तेव्हा मला अभिमान वाटला असं लिहायला आवडलं असतं. मला हेवाच वाटला, चांगला घसघशीत. फरक एवढाच की आता मी त्याला त्याच्या नावाने ओळखत होते.

प्रबंध संपवून मी रत्नागिरीला कॉलेजात शिकवायला लागले. लेखकांत माझं नाव घालू नका, असं मी सरांना सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांनी तरन्नुमने छापील लेख टपालाने पाठवला. सोबत पत्र नव्हतं. बहिरी गद्रे यांना सापडली, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. शेवटी आभारांत यंत्रवाल्यांची, शेवंताबाईंची नावं होती, आणि त्यानंतर एक ओळ. लेख इंग्रजी, पण मराठीत ती अशी होईल: कुमारिका माद्या वेळेवर गोळा केल्याबद्दल शरयू गद्रे यांचे आभार.

ओळीच्या शेवटी हिरव्या पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण केलेली होती.